चक्कर कानाची की अर्धशिशीची? पंचवटीतलं एक प्रकरण

रुग्णाच्या परवानगीने लिहिलं आहे. नाव बदललंय, घरचे आणि कामाचे काही तपशील इकडेतिकडे केले आहेत. आजार जसा उलगडत गेला तो क्रम मात्र तसाच ठेवलाय, आणि त्यात माझ्या चुकाही आल्याच.

पार्श्वभूमी

नाशिकला पंचवटीत माझी जनरल प्रॅक्टिस आहे. शैलाताई अकरा वर्षांपासून येतात. मुलांचे ताप, सासूबाईंचं बीपी, सगळं माझ्याकडेच. वय ४३, राहायला म्हसरूळला, मिस्टर अंबडला एका कारखान्यात फिटर. द्राक्षाचा हंगाम लागला की जानेवारी ते एप्रिल ताई दिंडोरी रोडने पुढे एका पॅकहाउसवर पॅकिंगला जातात. बाकीचे महिने घरी ब्लाउज शिवतात. लहानपणी दमा होता, थंडीत अजूनही पंप लागतो. बीपी, शुगर, थायरॉइड काही नाही.

दिवाळी होऊन आठवडा झाला होता. सकाळी साडेनऊला मिस्टर त्यांना रिक्षातून घेऊन आले. हातात प्लास्टिकची पिशवी, डोळे घट्ट मिटलेले, मान जराही हलवायची तयारी नाही. "डॉक्टर, भिंती पळतायत. सगळ्या एका बाजूला पळतायत." पहाटे पाचला उठल्या तेव्हापासून हे सुरू होतं, चार उलट्या झाल्या होत्या.

बीपी १३२/८४, शुगर १०८. चेहरा सरळ, बोलणं स्पष्ट, दोन्ही हातांत ताकद सारखी, बोट नाकाला नीट लागत होतं, आधार दिला की उभ्या राहत होत्या. म्हणजे पक्षाघाताची ढोबळ चिन्हं नव्हती. बाहेर पंधरा पेशंट बसलेले असताना आम्ही जनरल प्रॅक्टिसवाले आधी तेवढंच बघतो. इंजेक्शन दिलं, आतल्या कॉटवर झोपवलं. दोन वाजता त्या चहा-बिस्कीट घेऊन घरी गेल्या. केसपेपरवर मी लिहिलं, ‘व्हर्टिगो, कानाचा’. महिनाभर बीटाहिस्टिन (कानाच्या चकरेवर रोज घ्यायची गोळी), आणि लागेल तशी प्रोक्लोरपेराझिन (चक्कर-उलटी दाबणारी).

कानाचा कशावरून? खोली फिरत होती, उलट्या होत होत्या आणि मेंदूचं काही दिसत नव्हतं, एवढ्यावरून. ऐकू कमी येतंय का, कानात आवाज येतो का, उजेड सहन होतो का, हे विचारल्याची त्या केसपेपरवर नोंद नाही. विचारलंच नसणार.

अडचण

चक्कर परत आली. डिसेंबरात दोनदा, आणि हंगाम लागल्यावर महिन्यातून दोन-तीनदा. कधी तासाभरात उतरायची, कधी संध्याकाळपर्यंत चालायची.

मधल्या काळात मिस्टरांच्या ओळखीच्या कुणीतरी मानेचा एक्स-रे सुचवला. रिपोर्टात मणक्यांची झीज आली, जी चाळिशीनंतर बहुतेकांच्या एक्स-रेत येते, आणि ताईंच्या गळ्यात पट्टा आला. आपल्याकडे चक्कर आणि मानेचा मणका यांचं लग्न कुणी लावून दिलंय कोण जाणे. खोली गरगर फिरते आणि त्याचं कारण मणक्यांची झीज आहे, असं दाखवून देता येणारे रुग्ण फार थोडे. पट्टा मी लगेच काढायला सांगायला हवा होता. "घाला, बरं वाटत असेल तर," असं म्हणाले.

फेब्रुवारीत ते कामावर झालं. पॅकहाउसमध्ये घड हातात घ्यायचा, खराब मणी कात्रीने काढायचे, वजन करून पनेटमध्ये, म्हणजे छोट्या डब्यात, भरायचा. भरलेली पनेट समोरच्या पट्ट्यावरून सरकत जातात. दिवसभर उभं राहून हेच. त्या दिवशी पट्टा मध्येच थांबला आणि ताईंना वाटलं, आपणच मागे सरकतोय. टेबल धरायला गेल्या तर पनेटची अख्खी रांग खाली. सुपरवायझर म्हणाला, "ताई, आधी तब्येत बघा, मग या." रोजंदारीवरच्या बाईला याचा अर्थ सांगावा लागत नाही.

तेव्हा मी त्यांना कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे पाठवलं. ऑडिओमेट्री (ऐकण्याची तपासणी, तिचा आलेख म्हणजे ऑडिओग्राम) दोन्ही कानांची नॉर्मल आली. ताईंनी तिथे सांगितलं की चक्कर येते तेव्हा दोन्ही कानांना दडे बसतात आणि आत भुंगा घुमतो. कागदावर आलं: ‘मेनियर्सची शक्यता. झटका चालू असताना ऑडिओग्राम परत करावा.’ मेनियर्स म्हणजे आतल्या कानाचा आजार, चक्कर येते आणि ऐकणं कमी होत जातं. कागदावरचं दुसरं वाक्य मी वाचलं आणि विसरले. मीठ कमी केलं, बीटाहिस्टिनचा डोस वाढवला.

एप्रिल-मे छान गेले. गोळी लागू पडली असं त्यांनाही वाटलं आणि मलाही. पॅकहाउसचं काम आणि पहाटेची धावपळ थांबलीय, जेवण-झोप वेळेवर होतेय, हे दोघींच्याही ध्यानात आलं नाही. बीटाहिस्टिनबाबत असा गैरसमज होणं सोपंच आहे. २०१६ साली बीएमजेमध्ये मेनियर्सच्या २२१ रुग्णांवरचा जर्मनीतला अभ्यास आला होता. नऊ महिन्यांत बीटाहिस्टिन घेणाऱ्यांचे झटके कमी झाले, आणि नुसती खोटी गोळी घेणाऱ्यांचेही जवळजवळ तितकेच. चढ-उतार असलेल्या आजारात माणूस गोळी सुरू करतो ती चढावर, त्यामुळे उताराचं श्रेय गोळीला जातं.

कोणत्या शक्यता होत्या

इथे थोडं थांबून सांगते, कारण पुढचे सगळे निर्णय यावरच अवलंबून आहेत.

मराठीत चक्कर हा एक शब्द पाच-सहा गोष्टींवर पांघरूण घालतो. झटकन उभं राहिल्यावर डोळ्यांपुढे येते ती अंधारी, उपाशीपोटी हातपाय गळतात ते, चालताना झोक जातो ते, आणि खोली गरगर फिरते ते, सगळी चक्करच. जुन्या बायका भोवळ, घेरी, अंधारी हे शब्द अजून वेगवेगळे वापरतात. त्यांच्याकडून माहिती काढणं सोपं जातं. शैलाताईंची चक्कर गरगरण्याचीच होती, त्यामुळे पहिली चाळणी पार झाली. पुढचे प्रश्न दोनच: एकदा आली की किती वेळ टिकते, आणि कशाने सुरू होते.

सेकंदांत संपणारी आणि कूस बदलताना, वर माळ्याकडे बघताना किंवा वाकताना येणारी चक्कर बहुधा बीपीपीव्ही असते. अंतर्कर्णात कॅल्शियम कार्बोनेटचे बारीक स्फटिक असतात. ते आपल्या जागेवरून सुटून अर्धवर्तुळाकार नळीत शिरले की डोकं हलताच आतलं पाणी ढवळलं जातं. लोक याला ‘कानातला दगड सरकला’ म्हणतात, आणि हे वर्णन काही वाईट नाही.

दिवसच्या दिवस, सलग, एकदाच येणारी आणि हळूहळू ओसरणारी चक्कर म्हणजे तोलाच्या नसेला आलेली सूज. अशी चक्कर महिन्याला दोनदा येत नाही, म्हणून ती बाजूला पडली.

तासांत मोजायची आणि पुन्हा पुन्हा येणारी चक्कर ही खरी गोंधळाची जागा. इथे मेनियर्स आणि मायग्रेनची, म्हणजे अर्धशिशीची, चक्कर दोन्ही बसतात. पॅरिसच्या प्रॉस्पर मेनियर यांनी १८६१ मध्ये दाखवून दिलं की असे झटके कानातून येऊ शकतात. तोवर डॉक्टर त्यांना सरसकट मेंदूत रक्त चढल्याचं लक्षण मानत. दीडशे वर्षांत काटा पार दुसऱ्या टोकाला गेला, आणि आता आम्ही गरगर ऐकली की आधी कानच लिहितो.

मेनियर्स म्हणायचं तर २०१५ च्या निकषांप्रमाणे २० मिनिटं ते १२ तासांचे किमान दोन झटके हवेत, एका कानात कमी-मध्यम कंपनांच्या आवाजांचा बहिरेपणा ऑडिओग्रामवर दिसायला हवा, आणि त्याच कानात कमी-जास्त होणारे दडे किंवा आवाज. मायग्रेनच्या चक्करचे निकष २०१२ चे. बारानी सोसायटी आणि आंतरराष्ट्रीय डोकेदुखी संघटनेने ते मिळून केले. (तोलाच्या यंत्रणेवर काम करणाऱ्या रॉबर्ट बारानींना १९१४ चं नोबेल मिळालं, त्यांच्या नावाची ही सोसायटी.) कमीत कमी पाच झटके, प्रत्येक ५ मिनिटं ते ७२ तासांचा. मायग्रेन आत्ता किंवा पूर्वी कधीतरी असलेलं. आणि निम्म्या तरी झटक्यांत मायग्रेनची एखादी खूण: तशी डोकेदुखी, किंवा उजेड आणि आवाज दोन्ही नकोसे होणं, किंवा डोळ्यांपुढे नागमोडी रेघा-चमक. वर एक अट, की दुसऱ्या कुठल्या आजाराने हे जास्त नीट समजावता येत नाही.

यात एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. डोकं दुखायलाच हवं असं यात कुठेही म्हटलेलं नाही. आणि कानात दडे, भुंगा मायग्रेनमध्येही होतात, बहुधा दोन्ही कानांत. मायग्रेनमध्ये बहिरेपणा मात्र वाढत जात नाही.

मोठ्या दवाखान्यात तातडीने पाठवायची चिन्हंही मनात ठेवावी लागतात. बोबडी वळणं, एकाच्या जागी दोन दिसणं, एका बाजूची शक्ती जाणं, धरूनही उभं राहता न येणं, आजवर कधी झाली नाही अशी अचानक डोकेदुखी, किंवा एका कानाचं ऐकणं एकाएकी जाणं. यातलं एकही असतं तर पुढची सगळी चर्चा पहिल्याच दिवशी थांबली असती. ताईंना यातलं काहीच नव्हतं.

जूनमधली गडबड

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात ताई परत आल्या. "उजव्या कुशीला वळलं की गरकन फिरतं, डॉक्टर. दहा-पंधरा सेकंद. मग थांबतं. पहाटे तीनला तर पलंगाची कडा धरून बसले."

तपासणीचं टेबल भिंतीला लागून होतं. ते मी दीड फूट पुढे ओढलं, कारण डोकं कडेच्या बाहेर लोंबायला जागा लागते. ताईंना बसवलं, मान उजवीकडे ४५ अंशांत वळवली आणि झटकन आडवं केलं. एक, दोन, तीन सेकंद काहीच नाही. मग दोन्ही डोळे वरच्या दिशेला झटके देत आणि खालच्या, उजव्या कानाकडे फिरल्यासारखे हलायला लागले. ताईंनी माझं मनगट असं धरलं की संध्याकाळपर्यंत नखांचे वळ होते. अर्ध्या मिनिटात थांबलं. डिक्स आणि हॉलपाइक यांनी १९५२ मध्ये लिहिलेली तपासणी, आणि पुस्तकात आहे तसंच्या तसं उत्तर. लगेच एप्लीची हालचाल केली. पोर्टलंडच्या जॉन एप्लींनी ती १९९२ मध्ये प्रसिद्ध केली. डोकं टप्प्याटप्प्याने फिरवून स्फटिक नळीतून बाहेर काढायचे, औषध काही नाही. तिसऱ्या दिवशी ताई हसत आल्या, पेढे घेऊन.

मी केसपेपरवर ‘बीपीपीव्ही, बरा’ असं लिहून मोठी रेघ मारली. सात महिन्यांचं कोडं सुटलं असं वाटलं. ही या प्रकरणातली माझी सगळ्यात मोठी चूक. पहिल्या झटक्याएवढी ती उघड दिसत नाही, म्हणून जरा जास्तच मोठी. कुशीवरची चक्कर दहा सेकंदांची होती. नोव्हेंबरची नऊ तासांची. दहा सेकंदांच्या आजाराने नऊ तासांच्या आजाराचा निकाल लागत नाही, एवढं साधं गणित मी आनंदाच्या भरात केलं नाही. एकाच बाईला दोन वेगळ्या चकरा असू शकतात. शिवाय मायग्रेन असलेल्यांत बीपीपीव्ही इतरांपेक्षा जास्त आढळतो, म्हणजे दुसरी सापडली तर पहिलीचा संशय वाढायला हवा, कमी व्हायला नको.

‘ते पित्त आहे, डॉक्टर’

जुलैत पाच तासांची चक्कर झाली. या वेळी सोबत बारावीतली मुलगी आली होती.

मी नेहमीचा प्रश्न विचारला, "ताई, डोकं दुखतं का?" नेहमीचं उत्तर आलं, "नाही."

मुलगी मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाली, "आई, पित्त झालं की दार लावून झोपतेस की."

"ते पित्त गं. डॉक्टर डोक्याचं विचारतायत."

मी पेन खाली ठेवलं. पित्त झालं की काय काय होतं ते सांगायला सांगितलं. महिन्यातून एक-दोनदा उजव्या कानशिलात ठणके. ओढणी घट्ट आवळून बांधावी लागते. ट्यूब लाईट नको, मिक्सरचा आवाज नको, फोडणीचा वास आला तरी ढवळतं. उलटी पडली की मोकळं वाटतं. कॉलेजात असल्यापासून आहे. निफाडला माहेरी आईला पण व्हायचं, ती तर गोधडीत तोंड घालून पडायची. मेडिकलमधून डोकेदुखीची गोळी आणि पित्ताची पावडर आणतात, महिन्याला चार-पाच दिवस. मूल झाल्यावर काही वर्षं बंद होतं. "आता वयाप्रमाणे पित्त कमी झालंय, पण चक्कर मागे लागली."

याहून चांगलं वर्णन मी पाठ्यपुस्तकातही वाचलेलं नाही. तरुणपणी डोकेदुखी, चाळिशीनंतर डोकेदुखी मागे पडून चक्कर पुढे येते. मायग्रेनची चक्कर अनेक बायकांत याच वाटेने येते. मी मागचे केसपेपर काढले. अकरा वर्षांत पाच ठिकाणी माझ्याच अक्षरात ‘ॲसिडिटी’ लिहिलेलं होतं आणि पुढे पोटातल्या आम्लाची गोळी.

घरोघरी अर्धशिशीला पित्त म्हणतात आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही. मळमळ, उलटी आणि उलटीनंतरचा आराम बघून ठेवलेलं नाव आहे ते. चूक आमची, की आम्ही ‘डोकं दुखतं का’ एवढंच विचारतो आणि ‘पित्त होतं का’ हा प्रश्न पोटाच्या खात्यात टाकतो.

काय केलं

निदान मात्र त्याच दिवशी बदललं नाही. एकदा घाईने रेघ मारून पोळले होते. शिवाय मेनियर्स आणि मायग्रेन एकाच माणसात असल्याची उदाहरणंही कमी नाहीत.

दुधाचे आणि सिलिंडरचे दिवस लिहायच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवरच नोंद ठेवायचं ठरलं. च म्हणजे चक्कर, प म्हणजे पित्त, पा पाळी, उ उपवास, झो म्हणजे झोप अपुरी. च च्या पुढे वेळ, आणि उजेड-आवाज नको झाला तर वर एक फुली. मुलीने चार रंगांची पेनं दिली. ताईंनी सगळं निळ्यानेच लिहिलं.

अकरा आठवड्यांत सहा च. सगळ्यात छोटा चाळीस मिनिटांचा, सगळ्यात मोठा दिवसभर. सहापैकी पाचांवर फुली. डोकेदुखी मात्र फक्त दोनदा, आणि त्यातही एकदा दुसऱ्या दिवशी. म्हणूनच त्यांच्या मनात ह्या दोन गोष्टी कधी जोडल्या गेल्या नव्हत्या. दोन झटके पाळीच्या आदल्या दिवसांत होते. एक तिसऱ्या श्रावणी सोमवारनंतर: रात्रभर चालून ब्रह्मगिरीची फेरी, त्यावर दिवसभर उपवास, आणि मंगळवारी सकाळी भिंती पळायला लागल्या.

ऑगस्टमधल्या एका झटक्यात, विसरलेलं ते वाक्य आठवून, त्यांना तसंच ऑडिओमेट्रीला पाठवलं. रस्त्यात दोन उलट्या झाल्या, रिक्षावाला कुरकुरला, आणि मिस्टर मला फोनवर म्हणाले, "मॅडम, पेशंटला बरं वाटल्यावर नेलं असतं तर?" त्यांचा राग मला कळत होता. पण बरं वाटल्यावर काढलेला ऑडिओग्राम फेब्रुवारीत होताच. ऐन झटक्यातला ग्राफ फेब्रुवारीच्या ग्राफवर ठेवला तर रेघेला रेघ जुळली. मेनियर्स बरंच मागे पडलं. संपलं असं मी म्हणत नाही. सुरुवातीच्या काळात ऐकणं झटक्यानंतर पूर्ववत होतं आणि आजार उघड व्हायला वर्षं लागू शकतात.

एमआरआयचा प्रश्न घरच्यांनी काढला. नसांची तपासणी नॉर्मल, दोन्ही कानांचं ऐकणं सारखं, आणि झटक्यांमध्ये पूर्ण ठीक. एका कानाचं ऐकणं कमी असतं तर कानाच्या नसेवरची गाठ बघायला मीच पाठवलं असतं. न्यूरॉलॉजिस्टना दाखवलं, त्यांचंही मत तेच पडलं, तूर्त नको.

मग औषध. मायग्रेनच्या चक्करवर अमुकच औषध हमखास चालतं असं म्हणण्याइतका पुरावा अजून नाही. मायग्रेनची औषधंच वापरतात आणि निवड बहुतेक वेळा दुष्परिणाम बघून होते. प्रोप्रानोलॉल दम्यामुळे बाद. फ्लुनारिझिन आपल्याकडे खूप लिहिलं जातं, पण वजन वाढतं, काहींना उदासी येते, फार दिवस चालवलं तर कंपवातासारखी लक्षणं दिसू शकतात. ताईंना झोपेचीही तक्रार होती, म्हणून ईसीजी बघून रात्री १० मिलिग्रॅम अ‍ॅमिट्रिप्टिलिन सुरू केलं. बीटाहिस्टिन बंद. प्रोक्लोरपेराझिन तोवर ‘लागेल तशी’वरून जवळजवळ रोजची झाली होती, तीही बंद. असल्या गोळ्या झटक्यात एक-दोन दिवस ठीक. रोज घेतल्या तर मेंदू तोल सावरायला जे शिकत असतो त्यातच खीळ घालतात. मानेचा पट्टा माळ्यावर गेला. मिठावरचं बंधन उठलं, आणि ताईंना सगळ्यात जास्त आनंद त्याचाच झाला.

डोकेदुखीच्या गोळीवर मर्यादा घातली. मिश्र गोळ्या महिन्यातून दहा दिवस किंवा जास्त झाल्या तर गोळीमुळेच डोकं दुखायला लागतं. त्या तिथवर पोचल्या नव्हत्या, पण सांगून ठेवलं.

खाण्या-झोपण्याच्या सूचना द्यायला सोप्या, पाळायला नाहीत. हंगामात सातला म्हसरूळहून पॅकहाउसची गाडी निघते. ताई नुसत्या चहावर जायच्या आणि साडेअकराला डबा उघडायच्या. आता सव्वासहाला अर्धी भाकरी आणि दूध असं ठरलं. उपवास सोडा म्हणण्याचा मला अधिकार नाही आणि उपयोगही झाला नसता. यात मार्ग सासूबाईंनी काढला: "उपास मोडायचा नाही, पोट रिकामं ठेवायचं नाही." सकाळी राजगिऱ्याचा लाडू, दहाला भगर. फेरी पुढच्या वर्षी दिवसा करायची, असंही त्यांनीच जाहीर केलं.

फिजिओथेरपिस्टने चालता चालता मान वळवायचे आणि सरकत्या पट्ट्यांच्या चित्राकडे बघत उभं राहायचे व्यायाम दिले. पॅकहाउसचा पट्टा डोळ्यांपुढे ठेवूनच. पेटीत घालतात त्या सल्फर डायऑक्साइडच्या पॅडचा वासही त्यांना त्रास द्यायचा. सुपरवायझरला विचारून त्यांनी जागा बदलून घेतली, दाराजवळची.

आज हीच केस आली तर

पहिल्याच दिवशी केसपेपरवर ‘व्हर्टिगो’ एवढंच लिहीन. ‘कानाचा’ हा शब्द मी माहितीशिवाय लिहिला आणि मग पुढच्या प्रत्येकाने, मी धरून, तो आधी वाचला आणि पेशंट नंतर बघितला. डोकं दुखतं का हा प्रश्न सोडून विचारीन: पित्त होतं का, झालं की अंधारात जाता का, मिक्सर चालतो का, लहानपणी घाटात गाडी लागायची का? (शैलाताईंना कसाऱ्याचा घाट आजही डोळे मिटूनच पार करावा लागतो. मी अकरा वर्षांनी विचारलं.) टेबल आता भिंतीपासून लांबच असतं.

आणि ऑडिओग्राम झटक्यात हवा हे मिस्टरांना आधी, शांतपणे बसून समजावीन. फोनवर, उलटीच्या मध्ये नाही.

परिणाम

ऑक्टोबर ते डिसेंबर तीन झटके, तिन्ही दोन तासांच्या आतले. डिसेंबरच्या शेवटी कुण्या नातेवाइकाने गोळीचं नाव शोधून सांगितलं की ही डिप्रेशनची गोळी आहे. ताईंनी ती बंद केली, तीही हंगामाच्या तोंडावर. जानेवारीच्या तीन आठवड्यांत दोन मोठ्या चकरा. त्या आल्या तेव्हा रागावलेल्या होत्या. "मला वेडी समजून गोळी दिली का?" ही गोळी मोठ्या डोसमध्ये त्यासाठीही वापरतात आणि आपण ती वेगळ्या कारणासाठी, फार छोट्या डोसमध्ये घेतोय, हे ऑक्टोबरात सांगायला दोन मिनिटं पुरली असती. या वेळी सांगितलं. गोळी परत सुरू झाली, महिन्याने २५ केली.

फेब्रुवारी ते एप्रिल दोन झटके. कामाचा एक पूर्ण दिवस आणि एक अर्धा बुडाला. पित्त दीड-दोन महिन्यांतून एकदा. तोंड कोरडं पडतं, वजन दोन किलोने वाढलंय, आणि यावर त्यांची तक्रार कायम आहे. मार्चचा ऑडिओग्राम आधीच्यासारखाच आला, पुढचा वर्षाने.

एप्रिलच्या सुरुवातीला ताई सकाळी सहाला, क्लिनिक उघडायच्या आधीच फोनवर होत्या. "डॉक्टर, चक्कर आली. पण ती नाही, ही कुशीवरची आहे. उजव्याच. दहा सेकंदांची." साडेसहाला आल्या, टेबलवर बसल्या आणि मी सांगायच्या आधी मान उजवीकडे वळवून तयार. डोळे तसेच हलले, एप्ली केली, पाच मिनिटं बसवून ठेवलं. सातची गाडी चुकली. पुढची नऊची होती, तिने गेल्या.